काकांच्या मॉरिस मायनरचं स्टिअरिंग जड झालं, त्याची पूर्ण केस

गाडी १९५५ ची मॉरिस मायनर, सिरीज टू, ८०३ सीसीचं इंजिन, चार दारं, पुढची काच दोन तुकड्यांची. काकांकडे चाळीसेक वर्षं आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगच्या मागे जांभळाच्या झाडाखाली उभी असते, पावसाळ्यात ताडपत्री टाकून, आणि पाऊस संपला की रविवारी सकाळी उपवनपर्यंत एक चक्कर. दसऱ्याला धुऊन पुसून झेंडूचा हार घालून कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत न्यायची हा काकांचा नेम आहे, तो चुकलेला मला तरी आठवत नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात ताडपत्री काढली, बॅटरी लावली, इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झालं, पण कंपाउंडमधून बाहेर वळवतानाच काका म्हणाले, "अरे, स्टिअरिंग हाताला लागतंय." मी बसून बघितलं तर खरंच जड. या गाडीचं स्टिअरिंग रॅक आणि पिनियनचं आहे (रॅक म्हणजे दातांची आडवी दांडी, पिनियन म्हणजे तिला सरकवणारं दातांचं छोटं चाक), अ‍ॅलेक इसिगोनिसने १९४८ साली ही गाडी आणली तेव्हा तिच्या हलक्या स्टिअरिंगचं कौतुक झालं होतं, आणि आमची गाडी पण पॉवर स्टिअरिंग नसून एका हाताने वळायची. आता दोन हात लागत होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वळण घेतल्यावर स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळ व्हायला पाहिजे, ते होत नव्हतं, जिथे सोडलं तिथेच राहत होतं. आणि स्पीडब्रेकरवर डावीकडून कर्रर असा आवाज.

यात मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की मे महिन्यातच गाडी एका गॅरेजला फुल ऑइल-ग्रीसिंगला दिली होती. तिथे हवेवर चालणारी ग्रीस गन आहे, कॉम्प्रेसर लावला की ट्रिगर दाबायचा आणि पाच मिनिटांत सगळं काम. बिलावर ग्रीसिंग लिहिलेलं, खाली वाकून बघितलं तर प्रत्येक निप्पलवर (सांध्यात ग्रीस घालायचं छोटं तोंड, आत झडपेची गोळी असते) ग्रीसचा गोळा दिसत होता. मग जड का?

पहिल्यांदा टायरची हवा बघितली, कारण क्रॉस प्लाय टायरमध्ये हवा कमी झाली की स्टिअरिंग लगेच जड होतं. हवा थोडी कमी होती, भरली, फरक नाही. मग पुढची बाजू जॅकवर घेतली, चासीखाली दोन स्टँड लावले (विटांवर गाडी ठेवून खाली कधीच जाऊ नका, वीट न सांगता फुटते) आणि दोन्ही चाकं हवेत असताना स्टिअरिंग फिरवलं. हवेत सुद्धा जड. म्हणजे टायरचा आणि रस्त्याचा संबंध संपला, अडचण सांध्यांमध्येच आहे.

इथे मला वाटलं परत ग्रीस मारावं, पण आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत, वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर गाड्यांची कामं केलेली, आता घरीच असतात, त्यांना काकांनी फोन केला. ते संध्याकाळी आले, खाली वाकून निप्पलवरचे गोळे बघितले, बोटाने पुसले आणि मला म्हणाले, "ग्रीस किती मारलं ते नको सांगू. दुसऱ्या टोकाने बाहेर काय आलं ते दाखव." मी टॉर्च मारली. डाव्या खालच्या सांध्याच्या रबर रिंगभोवती काहीच बाहेर आलेलं नव्हतं, तिथे जुनी सुकी धूळ तशीच चिकटलेली. निप्पलच्या डोक्यावर ताजं ग्रीस आणि सांध्याच्या तोंडाशी वर्षांची धूळ, म्हणजे आत काहीही गेलं नव्हतं, सगळं बाहेरच्या बाहेर पसरलं होतं. एवढं साधं निरीक्षण आणि मी चार महिने ते केलं नव्हतं.

आता हा सांधा काय आहे ते सांगतो, कारण मायनरच्या मालकाला बाकी काही नाही कळलं तरी चालेल पण हे कळलंच पाहिजे. पुढच्या प्रत्येक चाकाला एक उभी पिन असते, स्विव्हल पिन, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे आहेत, आणि त्या आट्यांवर ट्रनियन म्हणतात तो तुकडा बसतो. चाक वळतं तेव्हा पिन त्या आट्यांमध्ये किंचित स्क्रूसारखी फिरते. म्हणजे बेअरिंग वगैरे काही नाही, आटेच बेअरिंग. टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, खालच्या आर्मला जोडलेला असल्यामुळे गाडीच्या त्या कोपऱ्याचं सगळं वजन खालच्या ट्रनियनच्या आट्यांवर येतं. तिथे ग्रीस नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं, आटे बारीक होत जातात, आणि एक दिवस ते सुटतात आणि चाक बाहेरच्या बाजूला फाकून गाडी त्या कोपऱ्यावर बसते. मायनरबद्दल ही गोष्ट जगभर माहीत आहे. म्हणून जुन्या मॅन्युअलमध्ये दर १००० मैलांना, म्हणजे साधारण १६०० किलोमीटरला, ग्रीस द्या असं लिहिलेलं असायचं. हल्ली या गाड्या वर्षाला तेवढ्या चालतच नाहीत, त्यामुळे किलोमीटर न बघता पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा द्यावं असं माझं मत झालंय, पाणी आणि चिखल आट्यांमध्ये शिरून बसतो त्याला किलोमीटर लागत नाहीत.

उस्तादांनी चाक वर-खाली धरून हलवायला सांगितलं, एक हात बाराच्या जागी एक सहाच्या. थोडा खेळ होता. मग काकांना आत बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि परत हलवलं. ब्रेक दाबला की हबचं बेअरिंग जाम होतं, त्यामुळे तेव्हाही खेळ राहिला तर तो ट्रनियनचा. राहिला, पण थोडा. उजवीकडे जवळजवळ शून्य. म्हणजे डावा खालचा थोडा झिजलाय पण अजून हातातून गेलेला नाही.

एवढ्यावर मी डाव्या सांध्याला दोष देऊन मोकळा झालो असतो. उस्तादांनी सांगितलं, टायरॉड (रॅक चाकाला जोडणारी दांडी) दोन्हीकडे सोडव आणि तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या फिरवून बघ. डावं चाक एकटं हाताने वळवलं, जड आणि अडकत अडकत. उजवं एकटं, हलकं. आणि मग रॅक एकटा, काहीही जोडलेलं नसताना स्टिअरिंग फिरवलं, तर तो पण जड, आणि शेवटाकडे गेलं की गादीवर दाबल्यासारखं लागायचं. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, आणि दोन्ही त्या एकाच ग्रीसिंगमधून आलेले निघाले.

आधी डावा सांधा. काकांच्या लाकडी पेटीत जुनी ग्रीस गन होती, दाबायची, हल्लीच्या लिव्हरवाल्या गनसारखी नाही. वीतभर लांबीचं लोखंडी नळकांडं, टोकाला आत खळगा असलेली चोच, होज नाही, लिव्हर नाही. चोच निप्पलच्या डोक्यावर सरळ टेकवायची आणि दोन्ही हातांनी गन पुढे दाबायची, प्रत्येक दाबाला आतला दट्ट्या थोडंसं ग्रीस ढकलतो, स्प्रिंगने परत मागे येतो. अशी नुसती दाबून ग्रीस जाणारी निप्पलची पद्धत ऑस्कर झर्कची, अमेरिकेत त्याचं पेटंट १९२९ सालचं आहे, आणि आज आपल्या रिक्षापासून जेसीबीपर्यंत जी गोल डोक्याची निप्पल दिसतात ती त्याच घराण्यातली. त्याआधी अनेक गाड्यांवर ग्रीस कप असायचे, झाकण पिळून पिळून ग्रीस आत ढकलायचं.

ही गन भरणं हेच निम्मं काम आहे. मागचं झाकण काढायचं, चपट्या काठीने ग्रीस थोडं थोडं घालायचं आणि प्रत्येक वेळी गन लाकडावर आपटून खाली बसवायचं, कारण मध्ये हवेचा फुगा राहिला तर तुम्ही दाबत राहता आणि फक्त हवा दबते. आमच्या पहिल्या भरण्यात तेच झालं, दहा-बारा दाब मारले आणि चोचीतून काही नाही, फक्त फुसफुस. परत उघडून नीट भरली. ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय २ ग्रेडचं, ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारं. हा २ नंबर म्हणजे घट्टपणा, प्रयोगशाळेत ठरलेला शंकू २५ डिग्रीला त्यात २६५ ते २९५ दशांश मिलिमीटर रुततो, म्हणजे साधारण फ्रिजबाहेरच्या लोण्यासारखं. रंगावर जाऊ नका, निळं हिरवं लाल हा नुसता रंग असतो, आत साबण कुठला आहे ते डब्यावर वाचायचं. ग्रीस म्हणजे मुळात तेलच, साबणाने धरून ठेवलेलं, स्पंजने पाणी धरावं तसं. आणि वेगवेगळे साबण एकत्र आले तर काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात, लिथियम आणि मातीच्या म्हणजे बेंटोनच्या ग्रीसची जोडी तशीच बदनाम आहे. आधी आत काय आहे माहीत नसेल तर नवीन ग्रीस इतकं द्यायचं की जुनं सगळं बाहेर ढकललं जाईल.

तर गन भरली, निप्पल डिझेलने आणि ब्रशने स्वच्छ धुतलं (रॉकेल आता कुठे मिळतं), कारण न धुता गन लावली की निप्पलवरची वाळू तुम्हीच आत ढकलता. गन टेकवून दाबली. हात जागेवर थांबला. भिंतीला दाबल्यासारखं. मला या जुन्या गनची खरी किंमत त्या क्षणी कळली. हवेच्या गनला समोर रस्ता बंद असल्याचं कळत नाही, ती जोर लावते आणि ग्रीस चोचीच्या कडेने पसरतं, मारणाऱ्याला वाटतं झालं. हाताच्या गनमध्ये मनगटाला कळतं की आत जागा आहे, जागा घट्ट आहे की रस्ताच नाही. उजव्या बाजूला दाबलं तेव्हा हात सावकाश आत जात होता, चौथ्या-पाचव्या दाबाला खालच्या रबरातून काळं ग्रीस बाहेर यायला लागलं, मग तपकिरी, मग स्वच्छ. तिथे थांबायचं.

डाव्याचं निप्पल काढलं. खालच्या भोकात मेणासारखा पिवळट काळा बुच, काडीने टोचला तर खवले निघाले. ग्रीस जुनं झालं की त्यातलं तेल निघून जातं आणि साबण मागे राहतो, तो असा वाळतो. तार घालून जेवढं निघेल तेवढं काढलं, पण रस्ता पुढे पिनच्या आट्यांपर्यंत जातो, तिथे तार जात नाही. तर उस्तादांची युक्ती अशी, भोक डिझेल आणि पातळ तेलाने काठोकाठ भरायचं, त्यात बरोबर बसेल असा ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालायचा आणि हातोडीने हलकेच ठोकायचं. द्रव दबत नाही, त्यामुळे तो जोर थेट बुचावर जातो. डोळ्यांना चष्मा लावून करायचं, कारण कडेने पिचकारी उडते, माझ्या कपाळावर उडालीच. भरायचं, ठोकायचं, भरायचं, ठोकायचं, असं रात्री नऊपर्यंत. मधे हीट गनने ट्रनियन कोमट केला, आग अजिबात नाही, डिझेल आणि रबर दोन्ही तिथेच आहेत. रात्रभर तेल घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्या की आठव्या ठोक्याला दांडा एकदम खाली गेला आणि रबराखालून काळं पाणी टपकलं. काका खुर्ची टाकून बसले होते, ते उठून उभे राहिले.

आता निप्पल. जुन्याची गोळी आत अडकलेली होती म्हणून नवीन पाहिजे होतं. जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानातून १५ रुपयांचं निप्पल आणलं, बसवलं, छान फिरलं, पण शेवटी घट्ट होईना, डुलत होतं. इथे बऱ्याच लोकांची गाडी खराब होते म्हणून थांबून सांगतो. दुकानात सहज मिळतं ते ६ मिलिमीटरचं, १ मिलिमीटर पिचचं (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). आमच्या ट्रनियनचं पाव इंची, इंचाला २८ आटे, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बारीक असल्याने ते आत जातं, बसल्यासारखं वाटतं, आणि ग्रीस दाबलं की आट्यांच्या कडेने बाहेर येतं किंवा निप्पलच निघून येतं. जबरदस्तीने टेफ्लॉन गुंडाळून बसवलं तर ट्रनियनचे आटे जातात. योग्य निप्पल शेवटी वागळे इस्टेटला एका हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात मिळालं, जुनं निप्पल बरोबर नेलं होतं म्हणूनच.

नवीन निप्पल लावून, चाक हवेत लटकत असताना दाब द्यायला सुरुवात केली. हवेत असणं हे सोयीपुरतं नाही. गाडी जमिनीवर असताना आट्यांची वजन घेणारी बाजू घट्ट चिकटलेली असते, ग्रीस फक्त दुसऱ्या, रिकाम्या बाजूला जातं, आणि जिथे खरी गरज आहे तिथे काही पोचत नाही. चासी उचलून चाक लटकलं की ती फट उघडते. गॅरेजला खड्ड्यावर गाडी उभी ठेवून ग्रीसिंग करतात, चाकांवर, आणि मायनरला ते जवळजवळ न केल्यासारखं आहे. मी दोन दाब मारायचो, काका चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायचे, परत दोन दाब, म्हणजे आट्यांवरून ग्रीस फिरत पुढे सरकतं. पहिल्यांदा डिझेल, मग गंजाच्या रंगाचं पाणी, मग काळे खवले, मग राखाडी. राखाडी ग्रीस चिमटीत घेऊन उन्हात बघितलं, लोखंडाची बारीक चमक होती. वाईट वाटलं ते बघून. पंधरा-सोळा दाबांनी स्वच्छ यायला लागलं आणि चाक एका बोटाने वळायला लागलं.

मग रॅक. मायनरच्या रॅकवर पण तसंच दिसणारं निप्पल आहे, आणि खरा घोटाळा इथेच होतो. तिथे ग्रीस द्यायचं नसतं, ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल द्यायचं असतं, वेगळ्या ऑइल गनने. बीएमसीच्या (मुंबई महापालिका नव्हे, मॉरिस बनवणारी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे, १२००० मैलांनी फक्त दहा दाब. गॅरेजवाल्याने निप्पल दिसलं आणि ट्रिगर दाबला. रॅकचे दोन्ही रबरी बूट दुधी भोपळ्यासारखे फुगलेले, बोटाने दाबले तर घट्ट. म्हणून ते शेवटाकडे गादीसारखं लागत होतं. आणि जडपणा हा त्यातला छोटा भाग, मोठा तोटा असा की रॅकचे दात ग्रीसला बाजूला ढकलत ढकलत टोकांना नेऊन बुटात कोंबतात, ग्रीस तिथून परत येत नाही, आणि मधला पिनियन कोरडा चालत राहतो. तेल असतं तर वाहून परत आलं असतं. दोन्ही बूट सोडवले, आइसक्रीमच्या चपट्या काड्यांनी ग्रीस काढलं, एक डालड्याचा जुना डबा अर्धा भरला. रॅक टोकापासून टोकापर्यंत पन्नासेक वेळा फिरवून पुसत पुसत साफ केला, बूट परत बांधले, ९० नंबर तेल दिलं, दहा दाब मोजून.

प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी फिरती दांडी) दोन क्रॉस, म्हणजे तिचे सांधे, पण तेव्हाच केले. सरळ चोचीच्या गनची अडचण तिथे येते, निप्पल तुमच्या दिशेला तोंड करून येईपर्यंत गाडी पुढे-मागे ढकलावी लागते, आणि आमच्या कंपाउंडात शेजाऱ्यांच्या चार स्कूटर हलवल्याशिवाय अर्धा मीटर पण सरकत नाही. क्रॉसच्या चारही कपांतून ग्रीस दिसलं पाहिजे, तीनमधून आलं आणि एक कोरडा राहिला तर तोच एक दिवस आवाज करतो.

आणि एक गोष्ट, लिव्हरची गन वापरणाऱ्यांसाठी विशेष. हाताच्या लिव्हरने सुद्धा हजारो पीएसआय प्रेशर तयार होतं. निप्पल बंद आहे का बघायला चोचीवर बोट ठेवू नका, फाटलेल्या होजला हात लावू नका. ग्रीस चामडीतून आत जातं, बाहेर फक्त टाचणीचं भोक दिसतं, दुखतही नाही लगेच, आणि बोट जाण्याची वेळ येते. असं झालं तर घरी हळद लावून थांबायचं नाही, तासाभरात सर्जन असलेल्या हॉस्पिटलला जायचं आणि ग्रीस आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

दसऱ्याला गाडी कौपिनेश्वराला गेली. गोखले रोडवरून येताना काकांनी वळणावर मुद्दाम स्टिअरिंग सोडून दाखवलं, आपोआप सरळ झालं. डावीकडचा कर्रर गेला. ब्रेक दाबून डावं चाक हलवलं तर खेळ थोडा कमी लागतो पण आहे, ग्रीसने झिजलेलं लोखंड भरून येत नाही, आणि म्हणून डावी स्विव्हल पिन आणि खालचा ट्रनियन इंग्लंडहून मागवलाय. मागवताना बाजू सांगावी लागते, डाव्या-उजव्याचे आटे उलट-सुलट असतात. तो येईपर्यंत गाडी ठाण्याच्या बाहेर काढायची नाही, घोडबंदरला तर नाहीच, खड्डे बघताय ना. दर महिन्याला पुढची बाजू उचलून डावीकडे सहा दाब देतो, चाक फिरवत, आणि बाहेर आलेलं ग्रीस पांढऱ्या कागदावर घेऊन काकांना दाखवतो. मागच्या रविवारी कागदावर चमक नव्हती.